आडनाव विचारून थांबलेलं बोट

"तूच लावून घे गं," म्हणत सेक्रेटरींच्या बायकोनं कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. बनारसमधल्या एका मराठी मंडळाचा हॉल. मी सत्काराच्या पाटावर. माझ्याआधी चार बायकांना तिनं स्वतःच्या बोटानं हळदीकुंकू लावलं होतं. माझ्याही कपाळापर्यंत बोट आलं होतं. तेवढ्यात सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, आडनाव काय? बॅनरवर नुसतं पहिलंच नाव छापलं होतं ना. मी सांगितलं. बोट थांबलं. मग तिनं ते पदराला पुसलं.

समोर आई बसली होती, नवी साडी नेसून. तिनं डोळ्यांनीच खुणावलं, जाने दे, लावून घे. आणि मी लावलं. स्वतःच्या हातानं. वर फोटोला हसले. आजही आठवलं की माझीच मला शिसारी येते.

बाबा नागपूरकडून रेल्वेत सफाईच्या नोकरीवर इथं आले. इतक्या वर्षांत या मंडळींनी गणपतीच्या आरतीला आम्हाला एकदाही बोलावलं नाही. मी पहाटे घाटांवरून पळायचे, तेव्हा यांच्याच बायका म्हणायच्या, पोरगी हाताबाहेर गेली. मग मॅरेथॉनमध्ये देशात पहिली आले, टीव्हीवर दिसले, आणि लगेच मी 'काशीची मराठी लेक' झाले. असतील शिते तर जमतील भुते, दुसरं काय!

सत्कार झाल्यावर सेल्फीला झुंबड उडाली. तीच बाई पुढे आली. माझ्या गळ्यातलं मेडल हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, गालाला लावलं, मोबाइलकडे बघून हसली. तेच बोट मेडलवर.

मी मेडल तिच्या हातातून सोडवून घेतलं. माइक शेजारीच होता, चालू. म्हटलं, "माझ्या कपाळाला तुमचं बोट लागत नाही ना? मग माझ्या मेडललापण लावू नका."

सेक्रेटरी धावत आले. गैरसमज झाला म्हणाले, चांगल्या दिवशी जात कशाला काढतेस म्हणाले. जात म्हणे मी काढली! शाल खुर्चीवर टाकली, आईचा हात धरला आणि निघाले.

मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर आई मटकन बसली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ती म्हणाली, "पयले मीच तिथून उठाले पाह्यजे होतं."

आता सत्काराचं बोलावणं आलं की मी आधी आडनाव सांगते. पूर्ण नाव छापणार असाल तरच बोलवा, म्हणते. दोन बोलावणी तिथंच गळाली. गळू देत. पुढच्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे. मेडल आणलं तर ते आधी रेल्वे कॉलनीत, बाबांबरोबर झाडू मारणाऱ्या बायकांच्या हातात देईन. त्या हॉलची पायरी मी पुन्हा चढणार नाही.