खिचडीच्या दिवशी गुढियारीत

दिवाळीला रायपूरला निघाले तेव्हा घरच्यांना वाटलं, बहिणीकडे फराळाला चालली. मला मात्र ताईच्या गाईची काळजी होती. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिकडे गाईंना खिचडी चारतात. मागच्या वर्षी ताईच्या सासूबाईंनी गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, खिचडी प्रेमानं एकट्या गौरी गाईला खाऊ घातली. ती बसली ते उठलीच नाही. लोक म्हणाले, नजर लागली. नंतर पशुआहारतज्ज्ञ मॅडमनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं की एवढा भात एकदम गेला की गाईच्या पोटात आंबतो. ताईनं ते सासूबाईंना कळूच दिलं नाही. आता गोठ्यात एकटी कपिली, आणि तीही गाभण.

नागपूरहून सकाळची गाडी धरा, दुपारी रायपूर येतं. सणात आरक्षण मिळालं नाही तर दारातच बसा, मी तेच केलं. स्टेशनातून ताई राहते त्या गुढियारीच्याच बाजूनं बाहेर पडा, नाहीतर ऑटोवाला वळसा घालून वर भाडंही जास्त मागतो. वाटेत गरम फरा घेतला, म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके, सोबत टमाटरची चटणी. चव झकास, पण अर्धा तसाच बांधून ठेवला.

संध्याकाळी शंकर नगरहून मॅडम आल्या. भाताच्या तणसात हिरवा चारा किती, चाटायची मिठाची ढेप कुठं टांगायची, सगळं त्यांनीच बसवून दिलेलं. त्या म्हणाल्या, सकाळी आधी चाऱ्यानं पोट भरा, मग खिचडीचा घासभर प्रसाद चालेल. जाताना ताईला बजावलं, "सासूबाईंना खरं सांगून टाका. नाहीतर त्या पुन्हा तेच करतील."

"कसं सांगू? अजून गौरीच्या खुंट्यापाशी दिवा लावून राहिल्या त्या," ताई म्हणाली.

सकाळी आम्ही दोघींनी कपिलीला इतकं चारलं की ती रवंथ करत बसली. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया ताटं घेऊन आल्या. ताईनं एकेकीला एकच घास घालू दिला, उरलेली खिचडी पोट्ट्यांत वाटली. शेजारचे भैया हसले, "अब गाय भी डाइटिंग करेगी क्या?" मला हसू कुठलं यायला. माझं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे.

सासूबाई पदराआड काहीतरी घेऊन आल्या. ताई कपिलीच्या पुढे सरकली. त्यांनी पदर सारला तर हातात छोटीशी वाटी. बोटानं थोडी थोडी चारून झाल्यावर त्या ताईकडे न बघताच बोलल्या.

"मॅडम तुले सांगून राहिल्या होत्या ना, तवा मी दारामागंच होती. गंज तवाच मोडीत टाकला."

ताई त्यांच्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. वर्षभर आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ती बाई ते एकटीच गिळून बसली होती.

मला घरी येऊन आठवडा झाला. जायचं तर दिवाळीतच जा, पाऱ्यात कुणीही ओळख नसताना जेवू घालतं. कपिली अजून व्यायची आहे, जीव तिकडेच लागलाय. रोज संध्याकाळी फोन करते. हल्ली सासूबाईच उचलतात आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणतात, "रवंथ करून राहिली. तू जेव आता."