मावशीची लाडावलेली बाळं

आमची मावशी प्रयोगशाळेत पेशी ताणते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी रबराच्या पातळ पडद्यावर वाढवायच्या आणि मशीननं तो पडदा ओढायचा, एवढंच काम. पण तिचं बोलणं ऐकलंत तर वाटेल, बाई पाळणाघर चालवते. "दमली गं बाळं माझी!" हे मी तिच्या नाकातल्या आवाजात करून दाखवते तेव्हा आई हसता हसता खालीच बसते. लाड तर माझेही तितकेच. मी तिच्याहून उंच झाले तरी माझं दप्तर अजून तिच्याच खांद्यावर.

मध्यंतरी मात्र मावशीचं हसू पळालं होतं. जोरात ताणलं की पेशींचा थर दर वेळी फाटायचा. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "सोमवारी शेवटचा प्रयत्न. नाहीतर मशीन शेजारच्या विभागाला." (ओठ न हलवता बोललं की मला मॅडमची नक्कल जमते.)

मावशीनं काय करावं? शनिवारी तिच्या नेहमीच्या पद्धतीनं पेशींच्या सगळ्या बश्या मशीनवरून काढून उबदार कपाटात आरामाला ठेवल्या. "परीक्षेआधी झोप नको का?" घाईत एक मशीनवरच राहिली, हलके हिसके खात.

सोमवारी मला सुट्टी, म्हणून मीही गेले. आराम केलेली पहिली बशी फाटली. दुसरीही. मावशीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात विसरलेली बशी दिसली.

"अगं बाई! ही बिचारी शनिवारपासून हिसके खातेय. हिला काय ताणायचं?"

"ताणा," मॅडम म्हणाल्या.

ताणली. फाटली नाही. आणखी ताणली, तरी नाही!

दुपारी रंग चढवून मॅडमनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं. पेशी जिथे एकमेकींना घट्ट धरतात, तिथेच त्यांना ओढ कळते. तिथली प्रथिनं ओढीनं उलगडतात, मग पेशी आतले धागे जाड करते, सांधे पक्के करते. ओढच नसली तर कशाला करेल?

"म्हणजे मीच लाड करून..."

"तुम्हीच. आणि विसरलातही तुम्हीच, नशीब! मशीन इथेच राहील."

घरी निघताना मावशीनं माझं दप्तर माझ्या खांद्यावर अडकवलं. वर स्वतःची पिशवी. वर डबा.

"मावशी, खांदा दुखतोय!"

"कळलं ना त्याला? मग झालं तर," ती ओठ न हलवता म्हणाली.

आता माझी पंचाईत. दोघींचा आवाज एकच झाला तर मी नक्कल कुणाची करू?