आत्यानं टाकी भरली

मे महिन्यात रायपूरच्या माणसाला चोराची भीती वाटत नाही, भुताची वाटत नाही, कूलरमधलं पाणी संपण्याची वाटते. कूलरजवळून जो कोणी जाईल तो आत डोकावतो आणि पाणी उतरलेलं दिसलं की बादली ओततो. यात कोणी कोणाला विचारत नाही. हा आमच्याकडचा धर्म आहे, आणि अभनपूरहून आलेली माझी आत्या तो कडकडीत पाळणारी.

आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. ऑपरेशन झालं, काळा चष्मा चढला आणि डॉक्टरांनी दम दिला. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं ऐकून माझी बायको धास्तावली, कारण रडण्यात आत्याचा हात धरणारं आमच्या खानदानात कोणी नाही. ती लग्नात रडते, बारशात रडते, मालिकेतल्या सासूला सून उलट बोलली तरी रडते. तेव्हा मालिका बंद झाल्या. मग दिवसभर बाईनं करायचं काय?

ती माझ्या समुद्रासमोर बसायला लागली.

आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात खरोखरच समुद्र आहे. बैठकीत, दिवाणाएवढ्या लांब काचेच्या टाकीत. खारं पाणी, दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ आणि दोन क्लाउनफिश, नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. पहिल्याच दिवशी आत्यानं चौकशी केली.

"यातली बायको कोणती रे?"

"मोठी आहे ना, ती."

"अन् घरात चालते कोणाचं?"

"मोठीचंच."

"बरोबर आहे. शिकलेली जात दिसते."

अभनपूरच्या घरात ती एकटीच राहते. इथे तिला ऐकून घेणारं कोणीतरी सापडलं. सकाळी चहा घेऊन बसायची आणि मोठीला आपल्या जावेच्या कागाळ्या सांगायची. मोठी काचेजवळ येऊन तोंड उघड-मीट करायची. आत्या म्हणायची, "पाह्य, तिलेही पटते."

आता थोडं चुन्याबद्दल सांगतो. प्रवाळांना आपला सांगाडा वाढवायला चुना लागतो. त्यासाठी मी शुद्ध चुना फिल्टरच्या पाण्यात कालवून बादलीत निवळू देतो आणि वरचं नितळ पाणी सलाईनच्या नळीतून थेंबथेंब टाकीत सोडतो. थेंबथेंब हे महत्त्वाचं. तळचा गाळ तर टाकीत जाताच कामा नये. एकदम गेला तर पाणी इतकं जळजळीत होतं की माशांचे कल्ले भाजून निघतात.

त्या दुपारी मी जेवायला घरी आलो, बैठकीचं दार ढकललं आणि समोर समुद्र नव्हता. काचेच्या मागे दूध होतं. दगड नाही, प्रवाळ नाही, मासे नाहीत. पांढरं, दाट, म्हशीचं असावं तसं दूध. टाकीशेजारी रिकामी बादली, आणि बादलीशेजारी हातात मग घेऊन, एक मोठं काम उरकल्यासारखी, आत्या.

"आत्या, हे काय झालं?"

"तुह्या टाकीतलं पाणी उतरलं होतं नं. भरून टाकलं. बाल्टी नाही उचलली हं मी, डॉक्टरनं मना केलं आहे. मगानं टाकलं."

"सगळं?"

"सगळं. खाली गाळ बसला होता, तोही खरडून टाकला. वाया काहून जाऊ द्यायचा?"

मी माशांकडे वळणार तोच बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला आधी दुसरंच सुचलं. "आत्याबाई, तो हात डोळ्याले लावला काय? पाणी उडालं काय तोंडावर?"

"नाही वो. चष्मा तं तुम्ही झोपेतही काढू देत नाही. कुठून उडते?"

चष्मा जागेवर होता, चेहरा कोरडा होता. बायकोनं तिचे हात नळाखाली धरून खसाखसा धुतले, पुन्हा धुतले. मग मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दात आवळून म्हणाली, "ते मासे मेले तं त्या रडतील. रडल्या तं डोळा जाईल. तुमच्या माशांपायी आत्याबाईंचा डोळा गेला नं, तं मी तुमाले त्याच टाकीत बुडवीन."

इथे मी तुम्हाला सांगायला हवं की मी मुळात विनोदी माणूस आहे. मयतीलाही मला काहीतरी सुचतं. त्या वेळी काही सुचलं नाही.

पाण्याची तपासणी केली. परीक्षानळीतल्या पाण्याचा रंग ज्या तक्त्याशी ताडून पाहायचा असतो, त्या तक्त्यावर तो रंगच नव्हता. त्याच्याही पलीकडचा गडद होता. भिलाईला माझा एक मित्र आहे, माझ्यासारखाच समुद्रवेडा. त्याला फोन लावला.

"कितना गया?" त्यानं विचारलं.

"पूरा. गाद समेत."



"देखो भैया, घबराना मत," तो म्हणाला, आणि असं म्हणतानाचा त्याचा आवाज ऐकून मी जास्त घाबरलो. "सारा पानी एकदम मत बदलना, झटके से मर जाएँगे. सादा सोडा लाओ, पीने वाला. नींबू नहीं, नमक नहीं. थोड़ा-थोड़ा डालना."

सोड्यातला वायू चुन्याला धरतो आणि त्याची निरुपद्रवी भुकटी करून खाली बसवतो. पण सोडा जास्त झाला तर तोच वायू माशांना गुदमरवतो. म्हणजे कमी घातला तर भाजून मरणार, जास्त घातला तर घुसमटून.

रस्ता तव्यासारखा तापला होता. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट माझ्या स्कूटरवर ठेवला आणि डोळे बारीक केले.

"भरी दोपहर में? दफ्तर नहीं गए भैया?"

"मछली के लिए चाहिए."

"हव, मछली के साथ ही तो जमता है."

एरवी या वाक्यावर मी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या असत्या. तसाच पळालो.

घरी आलो तर आत्या टाकीसमोर उभी. "हे असं दूध काहून झालं रे?"

"साफसफाई करून राहिलो आत्या. औषध टाकलं की असंच होते." मी हे इतक्या सहज म्हणालो की माझंच मला कौतुक वाटलं. आत्या माझ्याकडे, मग बाटल्यांकडे पाहत राहिली. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते काही कळेना. ती मुकाट्यानं आतल्या खोलीत गेली.

मग मी पंपाच्या धारेत एकेक पेला सोडा सोडत बसलो. सोडा टाकायचा, हवेचा पंप जोरात ठेवायचा, थांबायचं, तपासायचं. थांबणं सगळ्यात वाईट होतं. हात शिवशिवायचे, वाटायचं ओतून टाकावी अख्खी बाटली. बायको टॉर्च धरून काचेला नाक लावून उभी होती. त्या पांढऱ्या धुक्यात कुठे नारंगी दिसतंय का ते शोधत होती. एकदा ती ओरडली, "दिसला!" लहान होता तो, नवरा. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होता. मोठी कुठेच नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा तपासणीचा रंग कसाबसा तक्त्यावर आला. पाणी वरून निवळत चाललं. दगडांवर पीठ पेरल्यासारखा थर बसला होता आणि त्याखाली प्रवाळांच्या फांद्या आक्रसलेल्या होत्या. मोठी अजून नाही. प्रत्येक दगडामागे टॉर्च फिरवताना मला वाटायचं, आता दिसेल ती उलटी, पोट वर केलेली.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. आत्या उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं लुगडं, डोळ्यांत टाकायच्या औषधाची बाटली मुठीत.

"मले अभनपूरच्या बसमध्ये बसवून दे."

"काहून? काय झालं?"

"साफसफाई म्हणे! मी डोळ्यानं आंधळी होती रे पोट्ट्या, कानानं नाही. भिलाईवाल्याशी तू बोलत होता ते सारं ऐकलं मी. तुह्या समुद्रात मी चुना कालवला. तू रागावण्याच्या आधी जातो मी."

तिची हनुवटी हलायला लागली. बायको किंचाळली, "आत्याबाई, रडू नका!"

"नाही रडून राहिली वो मी!" आत्याही तेवढ्याच जोरात ओरडली, आणि चष्म्यासकट छताकडे तोंड करून उभी राहिली, जसं काही डोळ्यातलं पाणी मागच्या बाजूनं उतरवता येतं.

दुपारभर मी तिच्या रडण्याला भीत होतो आणि भिंतीपलीकडे ती माझ्या रागाला भीत बसली होती. भरलेली पिशवी मांडीवर घेऊन, एकटी.  मी तिला दिवाणावर बसवलं आणि खरं ते सांगितलं. मोठी सापडत नाही, जिवंत आहे की नाही माहीत नाही, आणि मला खूप भीती वाटते आहे.

"मंग मघाशीच काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली. "दोघं मिळून भ्यालो असतो."

मोठी सापडली पंपाच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात, आडवी पडलेली. कल्ले हलत होते, पण इतके हळू की प्रत्येक हालचाल शेवटची वाटावी. आत्यानं पाहिलं. रडली नाही. पिशवी मात्र खांद्यावरून काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठी सरळ झाली, पण खाईना. झिंग्याचा तुकडा तोंडाशी नेला की मान फिरवायची. काही प्रवाळ पांढरे पडून गेले ते गेलेच. आत्या टाकीसमोर बसून असायची, पण आता कागाळ्या नव्हत्या. पिशवी पायाशी असायची आणि रोज लागणारं लुगडंही ती त्यातूनच काढायची. बायको म्हणाली, "कपाटात ठेवा ना." आत्या म्हणाली, "राहू दे, पाहू."

मग एका सकाळी मी ऑफिसला निघताना लहान्यानं तुकडा पकडला, आणि मोठीनं येऊन तो त्याच्या तोंडातून हिसकावला आणि गिळला. मी आत्याकडे पाहिलं. ती उठली, पिशवी घेऊन आत गेली, आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज मी पायात बूट घालता घालता ऐकला.