खिडकीबाहेरची ओव्याची पानं
शेजारीण ओव्याच्या पानांची भजी तळायला बसली, की तो झणझणीत वास भिंत ओलांडून येतो आणि मला आमच्या करडी गावच्या शाळेतली ती बंद खोली आठवते. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात बाहेरून आलेल्यांना गावानं तिथं चौदा दिवस ठेवलं होतं. मी नागपूरहून आले होते आणि माझ्यासोबत तेलंगणातून मिरची तोडून परतलेली गावातलीच एक काकू होती. दाराला बाहेरून कडी असायची, वरचे पत्रे तापून निघायचे. काकूला खोकला होता. उबळ आली की ती खिडकीच्या गजांतून हात घालून बाहेरच्या फुटक्या बादलीत लावलेल्या ओव्याचं जाड, लवदार पान तोडायची, मीठ लावून चावायची आणि पदरानं तोंड दाबून धरायची. "मिरचीचा ठसका हाय बाई. कोणाले सांगू नोको, उचलून नेतीन मले," ती म्हणायची. तिच्या प्रत्येक खोकल्याला मी भिंतीकडे सरकत होते. चौथ्या दिवशी तिचा डोळा लागला असताना, डबा घेऊन आलेल्या माणसाला मी हळूच सांगून टाकलं. दुपारी तिला दवाखान्यात न्यायला गाडी आली. जाताना तिनं ओंजळभर पानं माझ्या उशाशी ठेवली. "तुले खोकला आला तं खाजो. बाहेर ऐकू जाऊ देऊ नोको." आठ दिवसांनी ती परतली; तिला काहीच झालं नव्हतं. आपला खोकला कोणीतरी बाहेरून ऐकला, असं तिला आजही वाटतं. गावी गेले की ती मला चहाला बोलावते, आणि मी जाते.