गावाकडची बाई

आमच्या घरात अजूनही हसत सांगतात, की आजी समुद्राला घाबरली आणि पाय न भिजवताच नागपूरला परतली. ती घाबरल्याची गोष्ट खोटी आहे. पसरवली मीच. परवा नात पोहायला जायचं नाही म्हणून अडून बसली, तेव्हा सून म्हणाली, "आजीवर गेली." म्हणून आता लिहितो.

ऐंशीच्या दशकात ऑफिसकडून प्रवासाची सवलत मिळाली आणि आम्ही दोघं, मी आणि बायको, पुरीकडे निघालो. गाडीत तिचं एकच.

"फुटाळा तलावाएवढा राहते का जी समुद्र?"

"खूप मोठा."

"मंग मी गुडघ्याएवढ्या पाण्यात जाईन. तुमी हात धरजा."

रेल्वेतून उतरून घेतलेल्या सहलीच्या बसमध्ये पुण्याचं एक कुटुंब होतं. ऑफिसात कमावलेली शुद्ध भाषा वापरून मी त्यांच्यात मिसळलो. आधी प्राणिसंग्रहालय होतं. पांढरा वाघ गजांमागे येरझारा घालत होता. ती कठड्याला टेकून त्याला म्हणाली, "काहून गा, असा काहून फिरून राहिला? तुलेबी घरची याद येऊन राहिली का?"

पुण्याच्या बाई खुदकन हसल्या. "अय्या, ही कुठली मराठी! तुमच्या कोण या?"

"गावाकडच्या आहेत," मी म्हणालो. "सोबत आल्यात."

तिला ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चाललो.

दुपारी बस किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसताच सगळे ओरडले. वाळूत उतरून मी चपला काढल्या आणि हात पुढे केला. तिनं हात घेतला नाही, चपला उचलल्या.

"तुमी जा जी. गावाकडची बाई चपला सांभाळते."

आवाजात राग नव्हता. पुण्याच्या लोकांच्याही चपला तिनं मागून घेतल्या. मी त्यांच्याबरोबर गेलो. पाण्यातून वळून पाहिलं, तर पाच जोड ओळीनं मांडून ती समुद्राकडे बघत बसली होती. परत आल्यावर तिनं माझ्या चपला झटकून पुढ्यात ठेवल्या. मी त्या पायात घातल्या.

घरी माझ्या बहिणीनं तिला विचारलं, "समुद्रात गेली होती का वं?" ती बोलायच्या आधीच मी म्हणालो, "घाबरली ही." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो वं, लय मोठं पाणी होतं."

मरेपर्यंत ती तेच सांगत राहिली. मला सांभाळत राहिली.

रविवारी नातीला पोहायला मी नेणार आहे. त्याआधी तिला आणि सुनेला समोर बसवून हे वाचून दाखवीन.