ज्या पायांना टोचलेलं कळत नाही

वर्ध्याजवळच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात मी चपला बनवतो. सोळा वर्षं झाली. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या तळपायाला संवेदना नसते. काटा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. म्हणून मऊ रबराचा तळ, वर पट्टा, खिळा एकही नाही, अशी चप्पल ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाने करावी लागते.

हे काम मला कधी आपलं वाटलंच नाही. लहानपणी मी मोठ्या दुखण्यातून उठलो, तेव्हा आईने मला प्रभूच्या सेवेला द्यायचं चर्चच्या मंडळीसमोर कबूल केलं होतं. सेवा म्हणजे लोकांना देवाचं वचन सांगणं, एवढंच मला ठाऊक. रबर कापताना डोक्यात संदेश चाललेले असायचे आणि नजर घड्याळावर.

तीन वर्षांपूर्वी नाचणगावात एका घरी प्रार्थनासभा होती. मला पहिल्यांदाच बोलायला सांगितलं होतं. त्या दुपारी रोहण्याची एक बाई चपलांसाठी थांबली होती. पन्नाशीची, शेतात राबणारी. मी घाईघाईने पट्टे शिवले आणि जोड तिच्या हातात दिला. देण्याआधी आतून हात फिरवून पाहायचं असतं. ते राहिलं. नाचणगावला जायला पुलगावच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं. उतरावंसं वाटलं, पण उतरलो नाही. काही नसेल, असं मनाला सांगत राहिलो.

सभेत चांगलं बोललो. दोघीतिघी रडल्या. मला मात्र सारखी ती चप्पल दिसत होती. दुसऱ्या दिवशी तिला निरोप धाडता आला असता. तोही धाडला नाही.

तीन आठवड्यांनी ती मुलीच्या आधाराने आली. पायाला फडकं गुंडाळलेलं.

"मले त काई समजलंच नाई, भाऊ. पोरीनं चप्पलेत रक्त पाह्यलं, तवा कळलं."

"मंग लवकर काऊन नाई आल्या?"

"कापसाची वेचणी चालू होती न. दुखूनच नाई राह्यलं, त कशाले येऊ?"

मी चपलेत हात घातला. कडेला शिवणीचं कडक टोक वर आलं होतं. माझ्या बोटाला ते लगेच टोचलं.

"चूक माही आहे, बाई. मी हात फिरवून पाह्यलाच नाई. मले गाडी पकडाची होती."

"कुठं जाचं होतं?"

"देवाचं सांगाले."

ती पायाकडे बघत राहिली.

जखम हाडापर्यंत गेली होती. करंगळी काढावी लागली. मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देव क्षमा करतो."

"अन् तिची करंगळी?"

ते मग म्हणाले, "उद्या वेळेवर कामावर जा अन् काम नीट कर. तीच तुझी उपासना." मला राग आला. तेरा वर्षं ज्यातून सुटायला धडपडत होतो, तिथेच ते मला परत पाठवत होते. पण गेलो. आता प्रत्येक चपलेत दोनदा हात फिरवतो, आणि तरी घरी जाताना एखादी राहिली की काय, अशी धाकधूक असते. नाचणगावचे लोक अजून बोलावतात. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

करंगळी काढल्यावर अडीच महिन्यांनी बाई नव्या चपलांसाठी आली होती. चार बोटांच्या पायाचं माप मी नव्याने घेतलं, जोड शिवला, आतून दोनदा हात फिरवला आणि तिच्या पायात घातला. ती म्हणाली, "तुमच्या देवाले माह्या पायासाठी सांगजा, भाऊ."

मी डोळे मिटले. लोकांना रडवणारा मी, एक शब्द सुचेना. शेवटी डोळे उघडले आणि म्हणालो, "थोडं चालून दाखवा."

ती भिंतीपर्यंत गेली, परत आली. मी खाली बसून चप्पल काढली, तिची टाच धरली आणि कुठे लाल झालंय का, ते पाहू लागलो.