देवमनची पट्टी

देवमन, तुम्हाला वारून बारा वर्षं झाली, तरी माझा राग जात नाही. कमिटीपुढे दोनच शब्द बोललात. तेही नको तेच!

एकसष्ट साली अकोल्यात मी मुलींचं वसतिगृह सांभाळत होते. मुली चाळीस, टाकी एक, पाणी दिवसाआड. तुम्ही नळाचे मिस्त्री. वामनरावांच्या नळांच्या दुकानातली प्रत्येक तोटी तुम्ही घट्ट बंद करून खाली वाटी ठेवायचात. शाळेच्या पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत किती गळलं, ते पत्र्याच्या पट्टीवर खिळ्यानं कोरायचात, ‘अर्धी वाटी’, ‘चार वाट्या’, आणि पट्टी सुतळीनं तोटीला बांधायचात. गिऱ्हाईक पट्टी वाचून तोटी घ्यायचं.

“एवढा खटाटोप काहून?” मी चिडवलं.

“बाई, लहानपणी आमी विहिरीपासून लांब उभे राहो. कोनी वरून ओतलं तं पानी. थेंब मले दिसतेच.”

मग म्हणालात, “सुतळी सुटते. अमरावतीले जाता तं आकडे ठोकायचे पंच, म्हंजे लोखंडी ठसे, आनजा. पितळेवर ठोकलेला आकडा कोनाच्या बापाले निघत नाही.” माप कागदावर लिहून दिलंत. त्या हिवाळ्यात मी चारदा अमरावतीला गेले. बहिणीकडे राहिले, लुगडी घेतली, परत आले.

एप्रिलात आम्ही वसतिगृहात वामनरावांकडच्या नव्या सहा तोट्या बसवल्या. सगळ्यांवर ‘अर्धी वाटी’. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी! ऐन परीक्षेत पोरी तोंड न धुता गेल्या. पाणी आल्यावर मी तोट्यांखाली बादल्या लावल्या. घंटेपासून घंटेपर्यंत एकेक तोटी चार-चार बादल्या गळत होती. चांगल्या तोट्यांच्या पट्ट्या सोडून वामनरावांनी भंगारावर बांधल्या होत्या.

वसतिगृहाच्या कमिटीनं तुम्हाला बोलावलं; कमिटीचे उत्तमराव तुम्हाला म्हणाले, “पट्टी कोणाच्या हातची?”

“माह्या हातची.”

“मग संपलं.”

“पट्टी यांची, तोटी यांनी तपासलेली नाही!” मी ओरडले.

“सिद्ध करा, बाई.” वामनराव पान चघळत हसले.

कशानं करणार? सुतळीनं? गावात तुम्हाला काम मिळेना. तुम्ही चांदूर रेल्वेला गेलात, दुकान तसंच चालू राहिलं. निघताना दारात उभे राहून म्हणालात, “पंच राह्यलेच, बाई.” मला शिव्या तरी द्यायच्या होत्यात!

कागद अजून माझ्या पिशवीत आहे. पाव इंची, शून्य ते नऊ. मागच्या महिन्यात पुन्हा अमरावतीला गेले. लोखंडाच्या दुकानापर्यंत पोचले, पायरीवरून परत फिरले. आणून द्यायचे कुणाला?